वरच्या चार ओळी

माझ्या पहिल्या डिझाइनची वत्सलाबाईंनी होडी केली.

होडी म्हणजे कागदाची. सौरऊर्जेवर चालणाऱ्या इन्व्हर्टरचा आठ पानांचा अहवाल मी त्यांच्यासमोर ठेवला होता. सर्किटचं चित्र, तक्ते, आकडेमोड, सगळं टाइप करून. बाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर थांबल्या. मग ते पान पिनेतून अलगद सोडवून घेतलं आणि बोलता बोलता दुमडायला लागल्या. दोन मिनिटांत होडी तयार. ती त्यांनी वॉर्डच्या खिडकीत ठेवली. तिथं आधीच पंधरा-वीस होड्या नांगर टाकून होत्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या होडीच्या आजूबाजूला सगळे एमबीबीएस आहेत."

मुळशी धरणाच्या अलीकडं एका धर्मादाय संस्थेचा छोटा दवाखाना होता. त्यातला बारा खाटांचा मुलांचा वॉर्ड बाईंचा. पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजातून नवे डॉक्टर महिना-महिना तिथं यायचे आणि लहान मुलांचे आजार त्यांना बाई शिकवायच्या. वय साठीच्या जवळ, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. आमच्याकडच्या पावसात चपला टिकत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. नव्या डॉक्टरांना कळेपर्यंत त्यांचा महिना संपायचा.

बाईंच्या वॉर्डात प्रत्येक केसपेपरवर वरच्या चार ओळी राखीव असत. त्यांच्यावर शीर्षक, 'आईचं म्हणणं'. तिथं मुलाच्या आईचे शब्द लिहायचे, ती बोलली तसेच, न सुधारता. डॉक्टरांचं इंग्रजी त्याच्या खाली, पाहिजे तेवढं. वरच्या ओळींत कुणी 'श्वसनास त्रास' असं लिहिलं, की त्या कागदाची होडी व्हायची आणि पेपर नव्यानं लिहावा लागायचा.

"कुठल्या आईनं तुला श्वसनास त्रास सांगितला?" बाई विचारायच्या. "पोट उडतंय म्हणाली असेल. भात्यावानी चाललंय म्हणाली असेल. तेच लिही. श्वसन तुझं, पोर तिचं."

मुलाचा ताप उतरला की त्याला एक होडी बक्षीस मिळायची. मुलं बरी होत तशा होड्या कमी होत जायच्या, आणि डॉक्टरांची नवी तुकडी आली की खिडकी पुन्हा भरायची.

"आईला विचारलंस?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तो त्या फक्त डॉक्टरांना विचारायच्या असंही नाही. एकदा सरपंच येऊन सांगून गेले, की दवाखान्याच्या रस्त्यावर मुरूम टाकायचा विषय विचाराधीन आहे. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या आईला विचारलंत?" सरपंच हसले. पण घरी जाऊन त्यांनी ही गंमत सांगितली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मातोश्री काठी टेकत दवाखान्यापर्यंत चालत आल्या, चिखल पाहिला आणि परत गेल्या. आठवड्यात मुरूम पडला.

आणखी एक सवय होती. कधी कधी बाई काम अर्धवट टाकून उठायच्या आणि अंगणापलीकडच्या आपल्या क्वार्टरवर जायच्या. पंधरा मिनिटांनी परत. पुन्हा दोन तासांनी तेच. क्वार्टरमध्ये त्यांची म्हातारी आई असते, एवढं गावाला माहीत होतं, पण तिला बाहेर कुणी पाहिलं नव्हतं आणि बाई कुणाला आत बोलवत नसत. वॉर्डच्या कमल सिस्टर आमच्या शेजारच्या गावच्या. त्यांचं मत ठरलेलं. "सिरीयल बगाया जात्यात. हितं आमाला शिस्त लावत्यात आन् तिकडं सासू-सुना."

या बाईंना मी सुरुवातीला विक्षिप्त समजत होतो. ते मत बदललं ते लातूरच्या निखिल नावाच्या एका डॉक्टरमुळं. पावसाच्या तोंडावर मी वायरिंग मोजायला आलो होतो. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई तान्हं मूल घेऊन आली. म्हणाली, "रातभर लई रडत हुतं. आता गप झालंय." निखिलला हायसं वाटलं असावं. त्यानं पेपरवर लिहिलं, 'मूल आता शांत आहे.' बाई पलीकडच्या खाटेवरून आल्या, पेपर वाचला, मुलाकडे पाहिलं आणि हातातला चहा होता तसा माझ्या हातात कोंबून मूल उचललं. अर्धा तास मी तो कप धरून उभा होतो. ऑक्सिजन लागला, सलाइन लागलं. मूल जेव्हा बारीक आवाजात किरकिरलं तेव्हा बाई खाली बसल्या.

त्या पेपरची त्यांनी होडी केली नाही. निखिलला एवढंच म्हणाल्या, "रडणारं मूल मला चालतं. कितीही रडू दे. गप झालेलं चालत नाही. त्या बाईनं तुला सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली आणि तू ती सुधारून लिहिलीस."

आता माझ्या होडीकडे येतो.

ती भारनियमनाची वर्षं होती. मी मारुंजीत खोली घेऊन राहायचो आणि तिथल्याच एका लहान कारखान्यात इन्व्हर्टर बनवायचो. मी धरणाकाठच्या वाडीतला पहिला इंजिनियर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे. शिकत असताना चार वर्षं माझा डबा रोज सकाळच्या एसटीनं पुण्याला यायचा. तो आई भरायची आणि कंडक्टरच्या पायाशी ठेवायची. एकदाही चुकला नाही.

शेजारच्या हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांना लाइट गेलेली कळतही नसे. मुळशीत पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की पाच-पाच दिवस अंधार. आदल्या वर्षी तसंच झालं होतं. हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र बंद पडलं, सिलिंडर संपले आणि दोन मुलांना जीपमधून पुण्याला न्यावं लागलं. त्यातली एक मुलगी पौडच्या पुढं गेली नाही. त्यानंतर संस्थेनं ठरवलं, की विजेची खात्रीची सोय होत नसेल तर पावसाळ्याचे चार महिने मुलांचा वॉर्ड बंद ठेवायचा. न्युमोनियाची मुलं याच चार महिन्यांत येतात. बाईंनी एक संधी मागून घेतली. या पावसाळ्यात इन्व्हर्टर टिकला तर वॉर्ड राहील, नाही तर कुलूप. मी इथला म्हणून काम माझ्याकडं आलं. माझं स्वतःचं असं ते पहिलंच डिझाइन.

तर तिसरं पान. बाईंनी बोट ठेवलं. "'ऊन नसल्यास दोन दिवस पुरेल.' दोन कुणी सांगितले?"

"तक्त्यात आहे मॅडम. पुण्याचं सरासरी ऊन धरून."

"आईला विचारलंस?"

"कुणाच्या?"

"तुझ्या. ती इथलीच ना?"

मला राग आला. "मॅडम, माझी आई चौथी नापास आहे."

"मग ऊन काय फक्त पास झालेल्यांना दिसतं?" असं म्हणून त्यांनी पान दुमडायला घेतलं.

आईला काही विचारावं लागू नये म्हणूनच आपण शिकलो, असं तेव्हा मला आत कुठं तरी वाटत होतं. हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी घरी गेलो, जेवलो आणि आईला काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी उठून बाहेर आलो, तर बाई आमच्या पडवीत पोत्यावर बसलेल्या. हातात कोरा केसपेपर. समोर आई तांदूळ निवडतेय.

"सगळ्यात वाईट पाऊस कधीचा आठवतो?" बाई विचारत होत्या. "सलग किती दिवस ऊन नव्हतं?"

"दिस कुनी मोजल्यात बाई," आई म्हणाली. "पन ह्यो दत्ता आखाडातला. ह्यो झाल्यापास्नं ऊन न्हाई ते न्हाईच. दुपटी वाळनात. चुलीवर दोरी बांदून वाळवायची. निस्ता धुराचा वास. पोराला उचाललं की वाटायचं, बोंबील घेतलाय कडंवर."

"आई, बाईंस्नी काय बी सांगत बसू नगंस," मी म्हणालो.

"तू मध्ये बोलू नकोस," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "किती दिवस चाललं हे?"

"बाराव्या दिशी बारसं. त्या दिशी ऊन पडलं. मंजी अकरा."

बाईंनी बोंबलासकट सगळं लिहून घेतलं आणि कागद माझ्या हातात दिला. "हं. आता कर डिझाइन."

मी ते नव्यानं केलं. अकरा दिवस पुरेल एवढ्या बॅटऱ्या ठेवायच्या तर निम्मा वॉर्ड त्यांनाच द्यावा लागला असता. मग वेगळी वाट काढली. ढगातून झिरपेल तेवढा उजेडही पॅनलनं घ्यायचा, आणि अर्धा तास मिणमिणती का होईना लाइट आली तरी इन्व्हर्टरनं ती अधाशासारखी भरून ठेवायची. बाकी लोड कापायचा. कारखान्यात सगळे या अकराला 'दुपट्याचा आकडा' म्हणायला लागले. नमुना तयार झाल्यावर बाईंनी ऑक्सिजनच्या यंत्राला हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कण्हतंय." माझ्या इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या विजेची लहर ओबडधोबड होती, त्यामुळं यंत्राची मोटर घरघरत होती. तेही खरं निघालं. आणखी महिना गेला आणि लहर गुळगुळीत झाली.

लोडची यादी कापायला आम्ही दोघं बसलो. पंखे गेले. ऑफिसचा कॉम्प्युटर गेला. ट्यूब दोनच ठेवल्या. यादीच्या तळाशी बाईंच्याच अक्षरात एक नोंद होती, 'क्वार्टर, एक पॉइंट, बारा वॉट.' त्यावर त्यांची पेन्सिल जरा थांबली. मग त्यांनी सरळ रेघ मारली.

"ते काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. माझी चैन."

मला रेडिओ वाटला. कमल सिस्टरचं ऐकून सिरीयलही वाटली. मी त्यांचं अभिनंदन केलं. खरंच केलं. म्हणालो, "बरं झालं मॅडम. थेंब थेंब वाचला पाहिजे."

जुलैत पाऊस लागला तो थांबेचना. तारा तुटल्या. लाइट कधी अर्धा तास यायची, कधी तेवढीही नाही. चौथ्या दिवशी डोंगरावरून एक पोर आलं, पोट उडणारं. त्याला यंत्रावर ठेवलं. मी दवाखान्यातच मुक्कामाला होतो. डॉक्टर लोक थर्मामीटर बघावा तसा बॅटरीचा काटा बघायचे आणि मला येऊन सांगायचे. निखिलचा महिना संपला होता, पण तो थांबला होता. "पेशंट स्थिर आहे," तो म्हणायचा, आणि दोनपैकी कुठला पेशंट ते मला विचारावं लागायचं.

सहाव्या दिवशी दुपारी दोनला बाई राउंड सोडून उठल्या आणि छत्री घेऊन क्वार्टरकडे गेल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. चारला पुन्हा गेल्या.

"चालल्या सिरीयल बगाया," कमल सिस्टर म्हणाल्या.

मी हसलो. मग हसू अर्ध्यावर थांबलं. सहा दिवस या गावात कुणाचाही टीव्ही धड लागला नव्हता.

"सिस्टर," मी विचारलं, "लाइट असताना बाई अशा जातात का हो?"

त्यांनी आठवून पाहिलं. "न्हाई. लाइट असली की दिसभर हितंच असत्यात." आणि आपण काय बोललो ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण त्या क्वार्टरकडे बघायला लागल्या.

मी इंजिनियर. लाइट जाते तेव्हा एक माणूस दर दोन तासांनी उठतो, हे वर्षभर डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी भिजत क्वार्टरवर गेलो. दार लोटलेलं होतं.

खाटेवर बाईंची आई होती. वाळून लहान मुलाएवढी झालेली. अंगाखाली हवेची गादी, पण चेपलेली, कापडासारखी सपाट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असली गादी वापरतात. एक छोटा पंप तिच्यात सतत हवा खेळती ठेवतो; तो बंद पडला की दर दोन तासांनी माणसाला हातानं कूस बदलून द्यावी लागते. पंप भिंतीशी होता. त्याच्यावर लिहिलेलं वाचायला मला वाकावं लागलं नाही. बारा वॉट.

बाई दोन्ही हातांनी आईला कुशीवर वळवत होत्या. मला पाहून त्या रागावल्या नाहीत. "धर जरा," म्हणाल्या. मी खांदा धरला. त्यांनी पाठीला पावडर लावली, उशी सरकवली.

"मॅडम, सांगायचं होतं."

"काय सांगायचं? बारा वॉट, दिवसभर चालवले तर त्या यंत्राची पाऊण तासाहून जास्त वीज खातात. मी तुझ्याच कागदावर मोजलं. आईसाठी मला हात आहेत. त्या पोराला हातानं ऑक्सिजन देता येत नाही."

मी इकडे तिकडे पाहिलं. उशाशी केसपेपरचा गठ्ठा होता. रोजचा एक. ताप, नाडी, किती पाणी प्यायली, सगळं बाईंच्या अक्षरात. वर शीर्षक, 'आईचं म्हणणं', आणि खाली चार ओळी कोऱ्या. मी दोन-तीन कागद उलटले. सगळ्यांवर कोऱ्या.

"चार वर्षं झाली, बोलत नाही," बाई म्हणाल्या. "झटका आला तेव्हापासून. रोज विचारते मी. विचारल्याशिवाय कसं लिहायचं?"

लाइट पक्की आली ती नवव्या दिवशी. वॉर्ड एक मिनिटही बंद पडला नाही, पोर पुण्याला न जाता बरं होऊन डोंगरावर परत गेलं आणि कुलपाचा विषय संस्थेनं पुन्हा काढला नाही. दुपट्यांचे अकरा दिवस पुरे लागलेच नाहीत. पण मला सांगायचं आहे ते सातव्या दिवसाचं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एक छोटा इन्व्हर्टर बनवला होता. तो आईनं पातळात गुंडाळून आपल्या खाटेखाली जपून ठेवला होता. सातव्या दिवशी सकाळी मी तो काढला आणि चुलतभावाच्या टेम्पोची जादा बॅटरी घेतली. असल्या पंपाला एवढं दोन दिवस पुरतं. आईनं विचारलं, कुणाला नेतोयस. मी सगळं सांगितलं. तिनं डोक्यावर इरलं घेतलं. "मी बी येती."

बाई वॉर्डात होत्या. त्यांना निरोप देऊन आम्ही क्वार्टरवर गेलो. मी पंप जोडला. गादी हळूहळू वर आली, तसं म्हातारीचं अंगही बोटभर वर आलं. आई खाटेशी जमिनीवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि बोलायला लागली. पाऊस, भाताची रोपं, माझी दुपटी, बोंबील. मधेच थांबायची, म्हातारीच्या तोंडाकडे बघायची, "व्हय व्हय" म्हणायची आणि पुढं चालू. मी बॅटरीशेजारी बसून होतो. म्हातारीचा आवाज मी ऐकला नाही. तिचे डोळे मात्र आईवरून हलत नव्हते.

दोन तास झाले आणि सवयीनं बाई आल्या. पंप चालू आहे हे त्यांच्या लक्षात नसावं. दारातच थांबल्या. फुगलेली गादी पाहिली, जमिनीवर बसलेली माझी आई पाहिली, आणि तोंडून नकळत प्रश्न निघून गेला. "काय म्हणाली?"

"म्हनल्या, पोरगी लई दमती," आई म्हणाली. "उभ्या उभ्या जेवती. बसून दोन घास खात न्हाई."

मला वाटलं, आता बाई विचारतील, की म्हातारी कधी बोलली, कशी बोलली. त्यांनी ते विचारलं नाही. उशाचा त्या दिवसाचा कागद घेतला, कॅनव्हासचे बूट काढले आणि माझ्या आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "म्हणाली तसंच."

आईनं पुन्हा सांगितलं. बाई लिहीत होत्या. एक ओळ भरली, दुसरी निम्मी झाली. आईनं म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आनि म्हनत्यात..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "एवढं लिहून होऊ दे."